हासुईच्या चित्रांतला उजेड नेमका कुठला?

निळी_सांज

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने जपानी लाकडी ठशांच्या चित्रांनी मला पार झपाटून टाकलंय. सुरुवात सगळ्यांची होते तशीच, एकोणिसाव्या शतकातल्या होकुसाईच्या लाटेच्या चित्रापासून झाली. मग हिरोशिगे बघितला आणि मग एका प्रदर्शनात कावासे हासुईचं 'शिबातलं झोजोजी' (१९२५) समोर आलं. मंदिराचा भला मोठा लाल दरवाजा, तिरका कोसळणारा बर्फ आणि छत्री पुढे धरून वाऱ्यातून चाललेली एकटी बाई. त्या चित्रापाशी मी इतका वेळ उभी होते की मागच्या माणसाला खाकरावं लागलं.

घरी आल्यावर डोक्यात प्रश्नांची रांग लागली. होकुसाई-हिरोशिगेच्या चित्रांत रंग सपाट असतात, वस्तूंच्या सावल्या जवळजवळ नसतातच. हासुईकडे मात्र संध्याकाळ म्हणजे खरोखरची संध्याकाळ आहे. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे ओघळ आहेत, बर्फावर निळसर सावली आहे. हे सगळं युरोपियन चित्रकलेतलं वाटतं, आणि तरी चित्र बघताक्षणी जपानी म्हणून ओळखू येतं. तर माझे प्रश्न असे:

हा पाश्चात्त्य उजेड तिथे आला कुठून? लाकडाच्या ठोकळ्यातून इतक्या नाजूक छटा निघतात कशा? आणि हासुई स्वतः कोरायचा का?

शिवाय एका जाणकारांनी मला सांगितलं की ही 'शिन-हांगा' (नव्या ठसाचित्रांची चळवळ) मंडळी म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी जपानचं गोड रूप विकणारे, त्यांना फार मनावर घेऊ नकोस. ते ऐकून वाईट वाटलं. त्यात तथ्य असेल तर तेही समजून घ्यायचंय.

---

छापखुणा

निळी_सांज, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. नाही, हासुई कोरत नव्हता आणि छापतही नव्हता.

मी बरीच वर्षं तोक्योत राहते आणि इथे एका म्हाताऱ्या छपाई कारागिराकडे हे काम शिकते आहे, त्यामुळे मी चित्रांकडे जरा कारखान्याच्या बाजूने बघते. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, इथे चौघांची व्यवस्था होती. चित्रकार रेखाटन करणार, कोरणारा लाकूड कोरणार, छापणारा छापणार, आणि या तिघांच्या वर प्रकाशक, म्हणजे हानमोतो. पैसा त्याचा, ठोकळे त्याच्या मालकीचे, आणि काय छापायचं, कसं छापायचं हा शेवटचा शब्दही त्याचाच. होकुसाईची लाट अशीच निघाली, हिरोशिगेचा पाऊसही असाच पडला.

मेइजी काळात (१८६८-१९१२) ही व्यवस्था मोडकळीला आली. लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) आले, फोटो आले, वर्तमानपत्रं आली. स्वस्त छापील चित्राची गरज दुसरीकडून भागू लागल्यावर लाकडी ठशाला कोण विचारणार? हात कसलेले कारागीर जुन्या चित्रांच्या नकला करून पोट भरत होते. अशा वेळी वातानाबे शोझाबुरो नावाच्या माणसाला वाटलं की याच हातांकडून नवी चित्रं करून घ्यावीत. वातानाबेचा जन्म १८८५चा. कोवळ्या वयात तो कोबायाशी बुनशिची या निर्यातदाराकडे कामाला लागला होता, त्यामुळे परदेशी लोकांना काय आवडतं आणि चांगली छाप कशी दिसते या दोन्ही गोष्टी त्याच्या डोळ्यांत मुरल्या होत्या.

पण गंमत अशी की हवे तसे जपानी चित्रकार त्याला मिळेनात. प्रतिष्ठित चित्रकारांना ठशाचं काम हलकं वाटायचं. म्हणून १९१५ साली त्याने पहिला प्रयोग केला तो फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकारासोबत. म्हणजे जपानी परंपरेच्या या पुनरुज्जीवनात अगदी पहिल्या पायरीवर एक युरोपियन माणूस आहे. त्याच वर्षी हाशिगुची गोयोने वातानाबेकडे स्नान करणाऱ्या बाईचं चित्र केलं. गोयो पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला. त्या बाईचं शरीर त्याने समोर मॉडेल बसवून अभ्यासलेलं आहे, पण बाह्यरेषा मात्र एदो काळातल्या उतामारो या चित्रकाराची आठवण करून देणारी, एकसंध, न थरथरणारी. पुढे गोयोचं वातानाबेशी जमलं नाही. स्वतःच्या देखरेखीखाली त्याने मोजकी चित्रं काढली आणि १९२१ साली, चाळिशीतच तो गेला. १९२०चं त्याचं केस विंचरणाऱ्या बाईचं चित्र तुम्ही कदाचित नकळत पाहिलंही असेल. १९८४ साली पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या जाहिरातींत पडद्यावर जी काळी-पांढरी जपानी बाई दिसायची, ती तीच.

आता हासुई. जन्म १८८३, तोक्योतल्या शिबा भागात. तुम्ही ज्या झोजोजीपुढे थबकलात ते त्याच्या बालपणीच्या गल्लीतलं मंदिर आहे. घरचा धंदा गोफ-दोऱ्यांचा, तो सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली. चित्रकला शिकायला तो काबुराकी कियोकाताकडे गेला तेव्हा पंचविशी उलटली होती. जपानी शैलीच्या मानाने हे वय फार झालं असं म्हणून कियोकाताने त्याला पाश्चात्त्य चित्रकला शिकायला पाठवलं. तिथे ओकादा साबुरोसुकेच्या हाताखाली त्याने तैलरंग आणि छायाप्रकाश गिरवला, आणि दोनेक वर्षांनी कियोकाताने अखेर त्याला शिष्य करून घेतलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तो उजेड हासुईने तैलचित्रकारांच्या वर्गात बसून कमावलेला आहे.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र आणखी मागे नेतं. 'शुद्ध जपानी' आणि 'पाश्चात्त्य' अशी रेघ आपण मारतो ना, ती हिरोशिगेच्या काळातही सरळ नव्हती. १७४०च्या दशकात ओकुमुरा मासानोबू युरोपियन यथार्थदर्शन (लांबचं लहान दाखवून खोली आणण्याची रीत) वापरून नाट्यगृहांची आतली दृश्यं छापत होता. होकुसाईच्या फुजी मालिकेतला निळा रंग, ज्याला आपण हमखास 'जपानी निळा' म्हणतो, तो प्रशियन ब्लू, जर्मनीत शोधलेला आणि १८३०च्या सुमारास एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, स्वस्त झालेला. आणि १८७६ ते १८८१ या काळात कोबायाशी कियोचिकाने तोक्योच्या रात्री छापल्या. गॅसचे दिवे, आगगाडीच्या खिडक्यांतून अंधारात सांडणारा उजेड, आगीने लाल झालेलं आभाळ. हासुईचा खरा पूर्वज मला हिरोशिगेपेक्षा कियोचिका वाटतो. दुर्दैवाने कियोचिकाचं नाव होकुसाई-हिरोशिगेच्या मानाने फारच कमी घेतलं जातं.

एक प्रयोग करून बघा. हिरोशिगेचं 'ओहाशी पुलावरची अचानक सर' (१८५७) आणि हासुईचं 'शिन-ओहाशी' (१९२६) शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सुमिदा नदीवरच्या, शिन-ओहाशी या एकाच नावाच्या पुलाची चित्रं. हिरोशिगेचा पूल लाकडी आणि पाऊस म्हणजे नुसत्या रेषा. त्या रेषांसाठी दोन ठोकळे आहेत, आणि दोन्हींवरच्या रेषांचा कल किंचित वेगळा आहे. त्या एवढ्याशा फरकामुळे सर दाट आणि सैरावैरा वाटते. माणसं पाठीचा कणा वाकवून पळतायत, पण कुणाच्याही अंगावर प्रकाश नाही, कुणाचीही सावली पडत नाही. पाऊस त्याने लिहिलाय म्हणा ना.

मधल्या काळात, १८८७ साली, पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने हेच हिरोशिगेचं चित्र तैलरंगात उतरवून काढलं. सपाट रंग आणि धीट रेषा शिकण्यासाठी.

मग हासुई. आता पूल लोखंडी झालाय, १९१२ सालचा. १९२३च्या भूकंपात सुमिदावरचे इतर कित्येक पूल जळाले-पडले तेव्हा हा टिकला आणि त्यावर आलेली माणसं वाचली, म्हणून लोक त्याला तारणारा पूल म्हणू लागले. हासुईच्या चित्रात रात्र आहे, लोखंडी कमानींचा सांगाडा अंधारात चढत गेलाय, दिव्याचा पिवळा उजेड तुळयांच्या कडांना चिकटलाय. ओल्या रस्त्यावर तोच उजेड खाली सांडलाय आणि त्यातून एक रिक्षावाला गाडी ओढत चाललाय. पावसाच्या बारीक रेषा आहेत, पण त्या जवळजवळ दिसेनाशा. पाऊस आपल्याला कळतो तो जमिनीच्या चकाकीवरून. युरोपियन चित्रकार पाऊस असा दाखवेल. आणि तरी त्या चकाकीचा प्रत्येक ओघळ कुणीतरी पटाशीने कोरलेल्या ठोकळ्यावरून हाताने घासून काढलेला आहे. मला यातच सगळं सापडतं. व्हॅन गॉगने हिरोशिगेकडून सपाटपणा घेतला, आणि चाळीस वर्षांनी हासुईने त्याच पुलावर तैलचित्राची खोली आणली, ती मात्र हिरोशिगेच्याच हत्यारांनी.

छटांचं कसं ते दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, हा फार लांबला.

---

छापखुणा

हं, तर छटा.

लाकूड डोंगरी चेरीचं, कारण ते कठीण आणि बारीक पोताचं, हजारो छापांनंतरही रेषेची धार जात नाही. कागद कोझोचा, म्हणजे कागदी तुतीच्या सालीचा, लांब धाग्यांचा. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं, नाहीतर रंग टीपकागदासारखा पसरेल. छापायच्या आदल्या दिवशी कागदांची चळत ओली करून ठेवतात, ओलावा सगळ्यांत सारखा मुरावा म्हणून. हा ओलावा म्हणजे या कामाचा जीव. कागद वाळला की आक्रसतो, आक्रसला की पुढचा रंग जागेवर बसत नाही. प्रत्येक ठोकळ्यावर दोन खुणा कोरलेल्या असतात, एक काटकोनाची आणि एक सरळ. कागदाचा कोपरा आधी काटकोनात टेकवायचा, मग कड सरळ खुणेला लावायची, आणि मग हात सोडायचा. या दोन खुणांच्या भरवशावर वीस-तीस रंग एकमेकांवर केसभरही न हलता बसतात. (माझं इथलं टोपणनाव कुठून आलं ते आता कळलं असेल.)

तुम्हाला जी संध्याकाळ वाटते ती प्रामुख्याने बोकाशी आहे, म्हणजे विरत जाणारा रंग. आता इथे नीट लक्ष द्या, कारण हे ठोकळ्यावर कोरलेलं नसतं. ठोकळ्याचा तो भाग सपाटच असतो. छापणारा आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसतो. आभाळाच्या वरच्या कडेला रंगाचे दोन थेंब, त्यात तांदळाच्या खळीचा एक ठिपका. ब्रशचं एक टोक रंगात, दुसरं नुसत्या पाण्यात. मग ब्रश आडवा, जागच्या जागी मागेपुढे फिरवत कडेपासून आत आणायचा. रंग ब्रशच्या एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला नाहीसा होत जातो. लगेच कागद ठेवायचा आणि बारेनने घासायचं. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. आत बांबूच्या कोंबाच्या आवरणाची वळलेली दोरी गुंडाळलेली, वरून त्याच आवरणाचं वेष्टन. घसरायला हवं म्हणून तिच्यावर कॅमेलियाच्या बियांचं तेल अगदी किंचित. दाब खांद्यातून येतो, मनगटातून नाही, हे आमचे गुरुजी रोज सांगतात.

पुढच्या कागदासाठी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दोनशे प्रती असतील तर ते आभाळ दोनशे वेळा नव्याने रंगवलेलं असतं. म्हणूनच एकाच चित्राच्या दोन प्रतींत संध्याकाळ कधी पाच मिनिटं आधीची असते, कधी पाच मिनिटं नंतरची.

बोकाशी हिरोशिगेकडेही आहे, त्याच्या आभाळाच्या वरच्या पट्ट्यात. शिन-हांगात बदललं ते असं की हे तंत्र कडेवरून निघून चित्रभर पसरलं. एकाच जागी रंगाचे चार-पाच पातळ थर, त्यांच्याखाली सावल्यांसाठी राखाडी थर, वरून पुन्हा विरणारा निळा. तैलचित्रकार थरावर थर चढवून जी खोली आणतो ती इथे पाण्याच्या रंगात, ओल्या कागदावर आणली. १९५३ साली सरकारच्या सांस्कृतिक वारसा समितीने ही कला नोंदवून ठेवायचं ठरवलं आणि त्यासाठी हासुई आणि शिन-हांगातलाच चित्रकार इतो शिन्सुई या दोघांना निवडलं. तेव्हा हासुईने पुन्हा झोजोजीच घेतलं. बर्फात ट्रामच्या थांब्यावर उभी असलेली माणसं. त्या एका चित्राला चाळीसहून अधिक छपाया लागल्या.

आणखी एक गोष्ट. भूकंपापूर्वीच्या शिन्सुई-हासुईच्या छापा मिळाल्या तर पार्श्वभूमीत गोलगोल फिरलेले ओरखडे दिसतील. ती बारेनची वाट आहे. जुन्या काळी असे ओरखडे दिसणं म्हणजे कच्चं काम. वातानाबेने ते मुद्दाम ठेवायला लावले, हाताचा स्पर्श दिसावा म्हणून, जसा तैलचित्रात ब्रशचा फटकारा दिसतो. हा विचार पाश्चात्त्य आहे, आणि तो चित्रातल्या एकाही वस्तूत नाही, पूर्णपणे छपाईत आहे. पाश्चात्त्य प्रभाव म्हटलं की लोक यथार्थदर्शन आणि सावल्या शोधतात. माझ्या मते तो त्याहून खोल, कारागिराच्या हातापर्यंत झिरपला होता, आणि शिन-हांगाचं मोठेपण तिथे आहे.

---

काळीरेघ

छापखुणा, दोन्ही प्रतिसाद वाचनीय. तरीही निळी_सांज यांना त्या जाणकारांनी जे सांगितलं त्याची बाजू मांडतो, कारण ती मला पटते.

त्याच काळात जपानमध्ये दुसरी एक चळवळ होती, सोसाकु-हांगा. त्यांचं म्हणणं साधं होतं: चित्र माझं, तर कोरणारही मीच आणि छापणारही मीच. यामामोतो कानाएने १९०४ साली 'मच्छीमार' हे चित्र असं केलं. दोन रंग, ओबडधोबड कोरीव, समुद्राकडे बघत उभा असलेला कष्टकरी माणूस. त्यात पटाशीचा प्रत्येक घाव दिसतो. कलावंत एकटा आणि त्याचं कलाकृतीशी थेट नातं, ही पाश्चात्त्य आधुनिकता त्यांनी खरी पचवली. वातानाबेने मात्र चित्रकाराला पुन्हा प्रकाशकाच्या दावणीला बांधलं.

विषयही बघा. १९२८ ते १९३२ दरम्यान ओन्ची कोशिरो, हिरात्सुका उनइची, माएकावा सेनपान वगैरे आठ जणांनी नव्या तोक्योची शंभर दृश्यं केली. त्यात कॅफे आहेत, भुयारी रेल्वे आहे, नाचघरं आहेत. भूकंपानंतर शहर खरंच जसं झालं तसं. त्याच वर्षांत हासुई चंद्र, पाइन वृक्ष आणि छत्रीवाल्या बायका काढत होता. बोस्टन-न्यूयॉर्कच्या बैठकीच्या खोलीत जे टांगलं जाईल तेच. १९३० साली अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं, १९३६मध्ये दुसरं. गिऱ्हाईक कोण होतं हे उघड आहे.

आणि शेवटी जगाने मान दिला तो कुणाला? १९५६च्या व्हेनिस बिएनालेत मुद्राचित्रणाचं सर्वोच्च पारितोषिक मुनाकाता शिकोला मिळालं. लाकडाला नाक टेकवून कोरणारा, जवळजवळ अंध माणूस.

---

छापखुणा

काळीरेघ, मुनाकाताबद्दल आपलं एकमत आहे. त्याच्या बुद्धशिष्यांच्या मालिकेसमोर मी गप्प होते. आणि ती शंभर दृश्यं निळी_सांज यांनी जरूर बघावीत. ओन्चीवर मी इथे वेगळा धागा काढायला तयार आहे.

गिऱ्हाइकाचं तुम्ही म्हणता तेही खरं आहे. वातानाबे इंग्रजीत कॅटलॉग काढत होता, माल अमेरिकेत जात होता. युद्धाच्या आधी हा व्यवसाय त्यावरच उभा होता. पण गिऱ्हाईक परदेशी आहे म्हणून नजर खोटी ठरते हे मला मान्य नाही. हासुई कसा काम करायचा ते बघा. वर्षातले कितीतरी महिने वही घेऊन गावोगाव फिरायचा. दिवसा पेन्सिलीने जागेवर रेखाटन, रात्री धर्मशाळेत बसून त्यावर रंग. भूकंपात घर जळालं तेव्हा १८८ वह्या जळाल्या. वातानाबेचं दुकान, ठोकळे, साठा, सगळं राख. तेव्हा वातानाबेने स्वतः कंगाल झालेला असताना हासुईला पुन्हा फिरायला पाठवलं, आणि हासुई तीन महिन्यांहून जास्त काळ पश्चिम जपानात भटकून नव्या वह्या भरून परतला. 'तोक्योची वीस दृश्यं' ही मालिका त्यानंतरची, १९२५ ते १९३०. झोजोजी त्यातलंच आणि मघाशी सांगितलेला लोखंडी पूलही. तुम्हाला जो छत्री-चंद्र-पाइनचा गोडवा वाटतो तो त्याच्या स्वतःच्या शहरातला, आगीतून उरलेल्या किंवा नव्याने उभ्या राहणाऱ्या जागांचा हिशेब आहे. झोजोजीचा तो दरवाजा १६२२चा. भूकंपातून वाचला, पुढे बॉम्बफेकीतूनही वाचला. मंदिराचं मूळ सभागृह मात्र युद्धात गेलं. ते चित्र बघताना इथल्या माणसाच्या पोटात जे कालवतं त्याचा बोस्टनशी संबंध नाही.

आणि 'एकट्याने केलेलं तेच खरं' या मतावर मी कारागिराच्या बाजूने भांडणार. सोसाकु-हांगा चळवळीने चित्रकाराला मोकळं केलं हे कबूल. पण त्यांच्या हिशेबात कोरणाऱ्या आणि छापणाऱ्याला जागाच नव्हती. जो माणूस दहा-बारा वर्षं नुसतं केसांच्या मुळांच्या रेषा कोरायला शिकला, एका मिलिमीटरमध्ये कितीतरी केस, त्याचं काय? वातानाबेने त्याला काम दिलं आणि नवं आव्हानही दिलं: बाबा रे, तुला उतामारो येतो, आता मला धुकं काढून दाखव. धुकं कसं छापायचं ते शाळेत शिकलेल्या चित्रकाराला ठाऊक नव्हतं. ते छापणाऱ्याने शोधून काढलं, आणि चित्रकार शेजारी बसून 'अजून थोडं' म्हणत राहिला.

या दोन टोकांच्या मधला माणूस बघायचा असेल तर योशिदा हिरोशी. कसलेला जलरंग आणि तैलरंग चित्रकार. १८९९ सालीच अमेरिकेत जाऊन डेट्रॉइटच्या संग्रहालयात प्रदर्शन करून आलेला. आधी वातानाबेकडे ठशांची चित्रं केली, ते ठोकळे भूकंपात गेले, आणि १९२५ साली त्याने स्वतःचाच कारखाना काढला. कोरणारे-छापणारे पगारी ठेवले, पण स्वतः कोरायला आणि छापायला शिकला. कारागिरांवर देखरेख करायची तर त्यांच्याहून जास्त यायला हवं, असा त्याचा खाक्या होता असं त्याच्या कामावरून वाटतं. त्याची शिडाच्या होड्यांची १९२६ची चित्रं एकत्र बघा. ठोकळे तेच. रंग बदलून त्यांतून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र काढली. एकच दृश्य वेगवेगळ्या वेळी रंगवण्याची ही फ्रेंच चित्रकार मोनेची रीत, आणि एकाच ठोकळ्यातून वेगवेगळ्या रंगांच्या छापा काढणं ही एदोची. दोन्ही इतक्या सहज एकत्र आल्यात की सांधा सापडत नाही. १९३७च्या त्याच्या निक्कोतल्या तोशोगू देवळाच्या चित्राला ९६ छपाया आहेत. सोळा नाही, शहाण्णव.

तो हिंदुस्थानातही येऊन गेला, १९३०-३१च्या सुमारास, मुलाला घेऊन. ताजमहाल त्याने चांदण्यातही केला आणि सकाळच्या धुक्यातही. पण मला आवडतं ते 'फत्तेपूर सिक्री' (१९३१). दगडी जाळीतून आत येणारा सोनेरी उजेड, आणि त्यात बसलेली माणसं. उजेडाशिवाय त्या चित्रात दुसरा विषय नाही.

---

पानगळ

फार छान चर्चा. मला व्यवहारातलं विचारायचंय. हासुईची चित्रं ऑनलाइन सगळ्या भावांत दिसतात. खरी छाप आणि मशीनवरची नक्कल कशी ओळखायची?

---

छापखुणा

पानगळ, सगळ्यात आधी भिंग घ्या. मशीनच्या नकलेत रंगाचे ठिपके दिसतात, ठराविक जाळीत. हाताच्या छापेत ठिपके नसतात, कागदाच्या धाग्यांत मुरलेला रंग दिसतो आणि कुठे कुठे लाकडाचं पोतही. मग चित्र उलटं करा. बारेनच्या दाबाने रंग मागच्या बाजूला उमटलेला असतो, आभाळाचा गडद पट्टा मागूनही ओळखू येतो. मागची बाजू कोरी पांढरी असेल तर शंका घ्या.

त्यापुढचा प्रश्न नाजूक आहे. ठोकळे शाबूत असले की त्यांवरून नंतरही छापता येतं, आणि वातानाबेची पेढी आजही तोक्योतल्या गिंझा भागात आहे, आजही छापते. म्हणजे हासुईचं चित्र खऱ्या ठोकळ्यावरून, हाताने छापलेलं, पण त्याच्या मृत्यूनंतरचं असू शकतं. ते नकली नाही, पण त्याच्या हयातीतलंही नाही, आणि किमतीत फार मोठा फरक पडतो. हे ओळखायचं ते कडेच्या प्रकाशकाच्या शिक्क्यावरून. वातानाबेचे शिक्के काळाप्रमाणे बदलत गेले. उदाहरणार्थ, सहा मिलिमीटरचा छोटा गोल लाल शिक्का युद्धानंतरच्या, हासुई हयात असतानाच्या वर्षांचा. हासुई १९५७ साली गेला. योशिदाचं असेल तर समासात 'स्वतः छापलेलं' अशा अर्थाचा 'जिझुरी' शिक्का शोधा. तो स्वतः देखरेख करून काढलेल्या छापांवर असतो. विकणाऱ्याकडे समासासकट आणि मागच्या बाजूचा फोटो मागा. फ्रेम उघडायला नाही म्हणत असेल तर घेऊ नका.

---

निळी_सांज

छापखुणा, काळीरेघ, दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही पूल शेजारी ठेवून बघितले. हिरोशिगेच्या पावसातल्या दोन ठोकळ्यांचा वेगवेगळा कल आता दिसायला लागलाय, आधी तो नुसता 'पाऊस' होता. ओन्चीचा धागा काढाच. आणि तोक्योला यायचा योग आला तर हे सगळं प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

---

छापखुणा

हासुई आयुष्याचा मोठा काळ ओता भागात राहिला, आणि तिथल्या ओता वॉर्डाच्या लोकजीवन संग्रहालयात त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे. पण तो कायम मांडलेला नसतो, कारण हे रंग उजेडाने फिके पडतात. येण्याआधी प्रदर्शनाच्या तारखा बघून या. काम होताना बघायचं असेल तर मेजिरोजवळ आदाची संस्था आहे, तिथे छपाईची प्रात्यक्षिकं होतात. शक्य तितकं पुढे बसा आणि छापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या ब्रशचं टोक बघा, रंग कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते. झोजोजीला जायचं तर दाइमोन स्टेशनला उतरा, चालत पाच-सात मिनिटं. दरवाजा लांबूनच दिसतो.

ओन्चीचा धागा रविवारी काढते. काळीरेघ, तुम्ही नव्या तोक्योच्या शंभर दृश्यांवर लिहाल का? ती तुमच्याकडूनच वाचायला आवडेल.